त्याला उभा आणू नकोस

"इथं कुणी बसलंय का?" पी ओरथाईनं विचारलं, आणि मी म्हणालो, "छे, कुणी नाही. बसा ना." तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत हात पुढं झाला होता. शेजारच्या जागेवर मी बावचा निळा शर्ट नीट पसरून ठेवला होता, बाह्या दोन्हीकडे सोडून. तो उचलला, बोळा केला आणि पायाशी असलेल्या पिशवीत कोंबला. ती बसली. बसली म्हणजे ऐसपैस बसली, केसांतलं पाणी झटकलं, पाय पुढं ताणले आणि हुश्श म्हणाली. बोटीनं नुकताच कोपराच्या खडकाला वळसा घातला होता. तो मागं अजून दिसत होता, पाण्यातून सरळ उठलेला, माथ्यावर झुडपं, खाली लाटांनी खाऊन खाऊन आत गेलेला चुनखडीचा गळा. थोड्याच वेळापूर्वी त्या गळ्याकडे तोंड करून मी माझ्या मेलेल्या भावाला बोलावलं होतं. चल म्हटलं होतं, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय म्हटलं होतं. आणि आता त्याच्या देखत, कुणी नाही. माझे कान तापले. लाज मला नवी नाही, लहानपणापासून मी तिच्याच तालमीत वाढलोय, पण आज ती भलत्या बाजूनं आली. ज्याच्यासमोर वाटायला हवी होती त्याच्यासमोर वाटली नाही, एका टोपीवाल्या बाईसमोर वाटली. आणि हे ध्यानात आलं तेव्हा ती दुसरी, खरी, मागून धापा टाकत येऊन पोचली.

पी ओरथाई आमच्या ऑफिसातली. बँकॉकला एका विमा कंपनीत मी दाव्यांच्या विभागात आहे, ती खालच्या मजल्यावर हिशेबात. वयानं मोठी म्हणून सगळे तिच्या नावाला 'पी' लावतात आणि तिला घाबरतातही, कारण सकाळी तिच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारच्या जेवणापर्यंत फाटकावरच्या पहारेकऱ्याला ठाऊक झालेली असते. सकाळी क्राबीच्या धक्क्यावर नेमकी तीच दिसली. दोन बहिणींना घेऊन सहलीला आली होती, तिघींच्या डोक्यावर सारख्याच रुंद टोप्या. "अगं बाई, थनात! तू इकडे कुठं? एकटाच? का आहे कुणी बरोबर?" असं म्हणत तिनं माझ्या मागं वाकून पाहिलं, एखादी पोरगी लपवली असेल तर दिसावी म्हणून. "एकटाच," मी म्हणालो. म्हणजे सकाळीच एकदा नाही म्हणून झालं होतं. पण तेव्हा बाव बोटीत आलेला नव्हता, तेव्हा ते काही खोटं धरता येत नाही, अशी मी माझी समजूत घातली. विम्याच्या धंद्यात राहून असल्या समजुती घालायला मला छान जमतं. ती बहिणींबरोबर फोटो काढायला वरच्या मजल्यावर गेली आणि मी खाली, सावलीत, अगदी मागच्या बाकावर दोन जागा अडवून बसलो.

दोन जागांचं आईनं बजावलं होतं. "जाताना कसाही जा. येताना त्याला उभा आणू नकोस," ती म्हणाली. "आधीच दमलाय तो. केव्हापासून पाण्यात उभा आहे." बाव म्हणजे थोरला भाऊ, दक्षिणेत आम्ही तसंच म्हणतो, बँकॉकला कुणी म्हणत नाही. त्याचं नाव सनित. त्याची स्वतःची होडी होती, मागं लांब दांड्याचं इंजिन, नाकाला रंगीत फिती, आणि तो पर्यटकांना या खडकाखडकांमधून फिरवायचा. पावसाळ्यात एका दुपारी रिकामी होडी घेऊन परतत असताना वाऱ्यानं ती कोपराच्या खडकावर नेऊन आपटली. बाव सापडला, देवळात त्याला अग्नी दिला, मी डोकं भादरून त्या दिवसापुरती भिक्षूची वस्त्रंही नेसलो, सगळं रीतीप्रमाणं झालं. पण जो असा अवचित जातो त्याला आपण गेलोय हे कळतच नाही. तो जिथं पडला तिथंच बसून राहतो, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. रक्ताच्या माणसानं तिथं जावं, एक उदबत्ती लावावी, नाव घेऊन मोठ्यानं हाक मारावी, आणि मग घरापर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर त्याला सांगत यावं, आता डावीकडे वळतोय, आता पूल आला, माझ्या मागं ये. नाही सांगितलं तर तो त्याच वळणावर राहतो. तेव्हा समुद्र खवळलेला होता, होड्या बंद होत्या, म्हणून ते राहून गेलं. आणि मग आईला स्वप्नं पडायला लागली. खडकाच्या गळ्याखाली तो उभा, ओलाचिंब, दोन्ही हात काखेत घालून, आणि विचारतोय, आई, कुठल्या बाजूनं येऊ? दर रविवारी फोनवर ती मला हे सांगायची आणि मी म्हणायचो, समुद्र निवला की येतो.

समुद्र निवला तेव्हा सगळा गाव यायला तयार होता. मामा म्हणाला, तू नुसता ये, होड्या आमच्या. भिक्षूंना विचारून ठेवलं होतं. मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं: होड्याच होड्या, आत्या, मावश्या, बावचे दोस्त, सगळे एका सुरात बेंबीच्या देठापासून ओरडतायत, आणि शेजारून जाणाऱ्या बोटींतून गोरे लोक फोटो काढतायत. मधोमध मी, शहरात राहून गोरा पडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, माझ्याच भावाला हाक मारताना. मी आईला म्हणालो, "मी एकटाच जातो. एवढ्या गर्दीत तो गोंधळून जाईल." तिला ते पटलं. तिला माझं सगळं पटतं, हीच तर अडचण आहे. मग मी पर्यटकांच्या दुमजली बोटीची दोन तिकिटं काढली. चार बेटं, जेवण, कलिंगडाच्या फोडी, पोहायचे चष्मे, संध्याकाळी परत. मनात म्हटलं, एवढ्या परक्या माणसांत कोण कुणाकडे बघतंय, हळूच उरकून टाकू. उरकून टाकू, हाच शब्द माझ्या मनात आला होता, आता कशाला नाकारू. आईनं पिशवी भरून दिली. उदबत्ती, त्याचा शर्ट, केळीच्या पानात बांधलेला भात आणि त्याचं आवडतं आंबट पिवळं कालवण. आणि वर म्हणाली, "आपल्या बोलीत बोल रे बाबा. बँकॉकची भाषा काढलीस तर त्याला वाटेल कुणी सरकारी साहेब आलाय होडीचा परवाना बघायला. लपूनच बसेल."

कुणी म्हणेल शिकलेला माणूस आहे, भुताखेतांची लाज वाटली असेल. तसं नाही. आमच्या ऑफिसच्या दारातच जागेवाल्याचा देव्हारा आहे, मोठे साहेब रोज गाडीतून उतरून त्याला हार घालतात, लाल सरबताची बाटली ठेवतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. मला लाज होती ती हाक मारण्याची. मोठ्यानं, उघड्यावर, आमच्या त्या दणदणीत बोलीत, जी बोलताना माणूस भांडतोय असंच बँकॉकवाल्यांना वाटतं. बाव तसाच बोलायचा. मी सुट्टी संपवून परत निघालो की तो गाडीतळावर यायचा, आणि गाडी हलली की ओरडायचा, "मू! ए मू! पोचलास की फोन कर! रात्री पंख्याखाली झोपू नको! मू!" मू म्हणजे डुक्कर. लहानपणी मी गुबगुबीत होतो, त्यावरून पडलेलं नाव. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचं चालूच असायचं, आणि गाडीतली माणसं हसत मागं बघायची, हा मू कोण म्हणून. मी बाकावर खाली खाली सरकत जायचो, गुडघे पुढच्या बाकाला टेकेपर्यंत. कधीतरी खिडकीतून हात बाहेर काढायचो, हात तेवढा. हाताला तोंड नसतं. आता वाटतं, तो ओरडत होता ते मला फोन करायला लावायला नव्हतंच. वळण येईपर्यंत त्याला मला सोडवत नव्हतं, एवढंच.

कोपराच्या खडकाशी बोट थांबली ती पोहण्यासाठी. गोरी माणसं चष्मे लावून धपाधप पाण्यात पडली. मी पिशवी घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला, संडासाच्या आडोशाला गेलो, कारण तिथं कुणी येत नव्हतं. भावाला बोलवायला मी ही जागा निवडली. वारा होता, काडी विझायची, पुन्हा ओढायची. तिथं दोर गुंडाळत बसलेल्या खलाशानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, हसू लपवतोय. उदबत्ती लागली एकदाची. मी खडकाकडे पाहिलं. त्या गळ्याखाली पाणी आत जात होतं आणि गुळण्या केल्यासारखा आवाज करत बाहेर येत होतं, आणि एका कपारीत कुठल्यातरी होडीच्या फितीचा पिवळा तुकडा अडकलेला होता. त्याचाच असेल असं नाही. मी "बाव" म्हणालो. वरच्या मजल्यावरून पी ओरथाईचं हसणं आलं तसा माझा आवाज आणखी खाली गेला. "सनित. मी आलोय. चला, घरी जाऊया." हे मी बँकॉकच्या भाषेत म्हणालो. दावा मंजूर झाल्याचं ग्राहकाला सांगतो त्या आवाजात. भाताचं पान सोडून पाण्यात टाकलं तर मासे उसळून आले आणि पोहणारी माणसं आनंदानं चीत्कारली, त्यांना वाटलं त्यांच्या करमणुकीसाठीच टाकलंय. एकानं अंगठा वर करून मला शाबासकी दिली, आणि मीही हसून मान हलवली. अजून कुठली खूण मागायचं मला धाडस झालं नाही. बाकावर येऊन शर्ट पसरला. वाऱ्यानं छताचं कापड फडफडत होतं पण शर्ट तेवढा हलला नाही, म्हणून मी धरून चाललो की तो आलाय, बसलाय, आणि जरा बाजूला सरकून मी त्याला नीट जागा करून दिली. तेवढ्यात पोहून वर जाऊन बसलेल्या पी ओरथाईला उन्हानं गरगरायला लागलं म्हणून ती जिना उतरून आली.

आता ती बसलेली होती आणि माझ्यापुढं वळणं होती. मी बोललो नाही तर बाव वळणावर राहणार. बोललो तर ती ऐकणार, आणि सोमवारी सगळ्या मजल्यांवर, थनात भुताशी बोलतो, तेही संडासामागे उभा राहून. शेवटी मी जी युक्ती केली ती सांगायलाही जीभ अडखळते. मी फोन काढून कानाला लावला. "हां, बाव," मी म्हणालो, "आता उजवीकडे वळतोय हं." बोट उजवीकडे वळली. पी ओरथाईनं कलिंगडाची फोड खात माझ्याकडे पाहिलं.

"कोण रे?"

"भाऊ."

"भाऊ आहे तुला? कधी बोलला नाहीस. मोठा का धाकटा?"

"मोठा."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग बोलाव की धक्क्यावर! वर माझी धाकटी बसलीय, तिला तुझ्यासारखे मुखदुर्बळ नाही आवडत. तो बोलतो का जरा?"

"बोलतो," मी म्हणालो. "खूप बोलतो."

ती हसली. मीही हसलो. आणि हसताना मला जाणवत होतं की तो उभा आहे. शेजारी कुठंतरी, बाकाच्या कडेशी, छताच्या खांबाला धरून, ओल्या अंगानं, जागा सुटायची वाट बघत, जसा तो पूर्वी बाजारच्या गाडीत म्हाताऱ्यांना जागा देऊन उभा राहायचा. की तेही नाही? खांबापाशी नुसती हवाच होती? मी खांबाकडे पाहायचं टाळलं. दोन खडकांमधल्या अरुंद वाटेत बोट शिरली, गारवा आला, वरून झुडपांचं पाणी ठिबकलं, आणि मी पुन्हा फोन कानाला लावून म्हणालो, "बाव, चिंचोळ्या वाटेतून चाललोय, मागं राहू नका." पी ओरथाई स्वतःचा फोन हातात घेऊन बघत होती.

"थनात, तुझ्या फोनला इथं रेंज येते? माझा मघापासून मेलाय."

तिनं हात लांबवून माझं मनगट सहज आपल्याकडे वळवलं. पडदा काळा होता. तिच्या तोंडावर हसू यायच्या बेतात होतं, ते तसंच अर्ध्यात थांबलं, कारण माझं तोंड तिला दिसलं असावं. आणि मग मी सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी, खाली बघत, तिच्या पायांशी पडलेल्या कलिंगडाच्या बियांकडे बघत. भाऊ, सनित, पावसाळ्यात गेला. त्या मघाच्या खडकावर. आज त्याला घरी न्यायला आलोय. ही त्याची जागा आहे.

ती विंचू चावल्यासारखी उठली. फोड हातातून पडली. ओल्या फळीवर गुडघे टेकून तिनं त्या रिकाम्या बाकापुढं हात जोडले, पार कपाळापर्यंत नेले. "माफ करा हो, पी. मला ठाऊक नव्हतं. ओल्या कपड्यांनी अशी येऊन बसले तुमच्यावर. अज्ञानानं झालं, मनात धरू नका." ही बाई, जिच्या जिभेच्या भीतीनं मी दिवसभर चोरासारखा वागत होतो, ती माझ्या भावापुढं गुडघ्यांवर बसली होती, आणि तोवर त्याला सरळ हात जोडणारं बोटीवर दुसरं कुणी नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली आणि एकदम हळू आवाजात बोलली.

"मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

मी पायाशी असलेली पिशवी बाकाखाली सरकवली.

"कुणी नाही म्हणालास ना?"

"हो."

"त्याच्या तोंडावर?" तिचे डोळे मोठे झाले. "आणि ते निळं काय होतं, तू उचललंस ते?" तिनं स्वतःच पिशवीतून शर्ट काढला, मांडीवर घेऊन हातानं चुण्या काढल्या, कॉलर सरळ केली आणि बाकावर पसरला. हे सगळं अगदी सवयीनं, घरात कुणा पुरुषाचे कपडे आवरावेत तसं. "अरे, मग तो उतरला असेल रे. आपल्याच माणसानं नाही म्हटल्यावर कोण बसून राहील?"

दिवसभर जी गोष्ट मी मनात चाचपडत होतो आणि पुन्हा झाकत होतो, ती तिनं उचलून सरळ उन्हात ठेवली. मला वाटलं, आता रडू येईल, पण रडूही आलं नाही. "हाक मार," ती म्हणाली. "इथं?" मी म्हणालो, आणि हे 'इथं' माझ्याच कानाला इतकं ओंगळ लागलं की अजूनही ते आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो. "मग कुठं? लांब गेला नसेल. हाक मार लवकर." तो मघाचा दोरवाला खलाशी जवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं काही विचारलं नाही, पुढं जाऊन चालकाच्या कानाशी लागला, आणि इंजिनाचा आवाज खाली आला. त्यानं मघाशी तोंड फिरवलं होतं ते माझी अडचण होऊ नये म्हणून, हे मला आत्ता कळलं. बोट पाण्यावर नुसती डुलायला लागली. गोरी माणसं माना वर करून बघायला लागली, काहींनी फोन उगारले. मी कठड्यापाशी गेलो. तोंड उघडलं. आमच्या बोलीतले शब्द दातांपर्यंत आले होते, मला ते जिभेवर लागत होते, आणि मी जो 'बाव' म्हणालो तो एवढाच, की जणू टेबलापलीकडच्या माणसाकडे फाईल मागावी. पुन्हा म्हणालो. तेवढाच. माझ्यात दुसरा आवाज शिल्लकच नव्हता. भाऊ पाण्यात उभा होता आणि मला आवाज फुटत नव्हता.

पी ओरथाईनं थोडी वाट पाहिली. मग तोंडापुढं हात धरून तिनंच हाक मारली. "पी सनित! ओ पी सनित! परत या हो! जागा रिकामी आहे! हा चुकला, मीही चुकले! रागावू नका, या!" बँकॉकच्या भाषेत, पण असल्या दणक्यात की खडकांवरचे पक्षी उडाले. वरून तिच्या बहिणी धावत आल्या, काय झालं ते एका वाक्यात कळलं आणि त्यांनीही सूर लावला. खलाशी आमच्या बोलीत ओरडला, "ए सनित, गाढवा, चल की! तुझा भाऊ आलाय न्यायला!" तो त्याला ओळखत असावा, या पाण्यावर त्याला कोण ओळखत नव्हतं. तीन रुंद टोप्या आणि एक खलाशी माझ्या भावाला बोलावत होते, आणि मी त्यांच्यात उभा राहून ओठ हलवत होतो, देवळात मंत्र पाठ नसलेला माणूस हलवतो तसे.

मग धक्क्यापर्यंत ती बाकाशेजारी फळीवरच बसून होती. प्रत्येक वळणाला मला विचारायची, "आता कुठं?" मी म्हणायचो, "डावीकडे," आणि ती शर्टाकडे बघून मोठ्यानं सांगायची, "पी, डावीकडे हं." धक्क्यावर उतरताना, "पी, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, जपून." निघताना तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "सोमवारी मी कुणाला काही सांगणार नाही. तू ती काळजी करू नकोस." म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मी कशाला भ्यालो, कशासाठी नाही म्हणालो, सगळं. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावापर्यंत भाड्याच्या गाडीत मी पुढं बसलो, शर्ट मागच्या जागेवर पसरला आणि प्रत्येक पुलाला सांगितलं. गाडीत चालकाशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळं आवाज जरा बरा निघाला. चालक प्रत्येक पुलाला आपणहून हॉर्न वाजवत होता. आई दारातच होती. पायांच्या दुखण्यानं तिला उभं राहवत नाही, तरी चौकटीला धरून उभी. "आला?" तिनं विचारलं. मी "आला" म्हणालो. काय म्हणणार? तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं काहीतरी, पावसाळ्यापासून आवळलेलं, सुटलं. "ये रे," ती म्हणाली. "पाय धू आधी. किती दिवस लावलेस." दारात पाण्याचं घंगाळ ठेवलेलं होतं.

चटई अंथरलेली होती आणि तीन ताटल्या मांडल्या होत्या. तिनं आधी त्याला भात वाढला, मग मला, मग स्वतःला. बाहेर अजून उजेड होता, शेजारणी वाळत घातलेले मासे गोळा करत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आई त्याच्या ताटलीशी बोलत होती, हे खा, ते घे, आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "वाटेत गप्पच असेल ना तो?"

"का?"

"बँकॉकची माणसं असतील ना बोटीत. तुझ्याकडे राहून आला होता बघ एकदा. आल्यावर मला म्हणाला, आई, धाकट्याच्या माणसांत मी तोंड उघडत नाही. माझा आवाज ऐकला की त्याचं तोंड एवढंसं होतं." ती हसली. तिला ते कौतुकाचंच वाटत होतं, थोरल्याचा शहाणपणा म्हणून. "तुला सांगू नको म्हणाला होता. आता काय, सांगते." आणि ताटलीकडे वळून म्हणाली, "आता बोल हो पोटभर. घरी आलास. इथं कोण आहे परकं?"

कुणीच बोललं नाही. ताटलीतल्या भाताची वाफ निघत होती. मी त्या ताटलीकडे पाहिलं, तिच्यामागच्या चटईकडे पाहिलं, आणि तो तिथं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला दिसत होता तो खडकाखालचा गळा, आणि भरतीचं पाणी, गुळण्या करत आत शिरणारं. मी चमचा खाली ठेवला आणि मागच्या ओसरीवर गेलो. तिथून दोन घरांच्या फटीतून समुद्र दिसतो. "बाव!" मी ओरडलो. आमच्या बोलीत, गाडीतळावरच्या त्याच्यासारखा, बेंबीच्या देठापासून. "बाव! मी मू! मी खोटं बोललो, बाव! जागा तुझीच होती! ये!" शेजारणी मासे हातात धरून बघत राहिल्या, समोरच्या घरातून कुणी बाहेर आलं. माझा आवाज फाटला तरी मी थांबलो नाही. आई भिंत धरत धरत मागं आली आणि तिनं माझा हात धरला.

"अरे हळू," ती म्हणाली. "असा काय ओरडतोस वेड्यासारखा? इथंच तर बसलाय तो. जेवतोय."

मी समुद्राकडे तोंड करून पुन्हा एकदा हाक मारली.